वर अडकलेला सुळा

सुनंदा गेली हे कळलं त्या दिवशी रविकांतच्या हातात आधी तिचे दागिने आले. डोक्याचं सीटी काढायला आत नेताना नर्सने मंगळसूत्र आणि कुड्या उतरवून पुडीत बांधून दिल्या. तो पुडी खिशात ठेवून बाकावर बसला. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले, ते सांगायलाच.

कुड्या लेकीने, ऊर्मीने, मागून घेतल्या. मंगळसूत्र पुडीतच राहिलं.

पोंगलची सुट्टी संपल्यावर तो ऊर्मीला वेलचेरीतल्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेला. सुनंदाने घेतलेली तारीख केव्हाच हुकली होती. पोरगी चौदा वर्षांची झाली, तरी वरचा उजवा सुळा उतरला नव्हता. डॉक्टर विद्यालक्ष्मींनी एक्स-रे उजेडावर धरला. सुळा तिरका होऊन शेजारच्या दातावर आला होता. पण ओठाच्या बाजूने की टाळूच्या, आणि त्या दाताचं मूळ झिजवतोय का, हे सपाट फोटोत कळत नव्हतं.

"सीटी काढायला हवं," त्या म्हणाल्या. "उशीर केलात तर पुढचा दातही जाईल."

ऊर्मीचा हात कानाकडे गेला. घरी येईपर्यंत तो तिथेच होता. दुसऱ्या दिवशी रविकांत ड्यूटीवरून परस्पर एकटाच दवाखान्यात जाऊन आला, आणि शनिवारी तिला घेऊन गेला.

"कम्मल कळट्टुम्मा," मशीनवरच्या वसंताबाईंनी तिच्या कानांकडे बोट दाखवलं.

"नाही काढणार."

"धातूने फोटो बिघडतो गं," रविकांत म्हणाला.

"बिघडू दे. आईच्या काढल्या, परत घातल्या का कुणी?"

त्याला क्षणभर उठून घरी जावंसं वाटलं. तो उठला नाही.

"हे ते मशीन नाही. आत झोपायचं नाही. उभं राहून हनुवटी टेकवायची, डोक्याभोवती एक फेरी होते."

"तुम्हाला काय माहीत, बाबा?"

"परवा येऊन उभा राहिलो. बंद होतं तेव्हा."

वसंताबाई हसत तमिळमध्ये म्हणाल्या, "अप्पांचं पोट मध्ये येत होतं!"

ऊर्मीला हसू आलं, तिने ते दाबलं. "आणि कुड्या?"

"माझ्या हातात. खिशात नाही, पुडीत नाही. बाहेर आलीस की मीच घालतो."

"तुम्हाला फिरकी लावता येत नाही."

"लावीन."

तिने कुड्या काढल्या. काचेपलीकडून तिला दिसेल असा तळहात उघडा धरून तो उभा राहिला. मशीन तिच्या डोक्याभोवती फिरलं आणि थांबलं. कुडी घालताना फिरकी खाली पडली. दोघांनी गुडघ्यांवर बसून ती शोधली.

पडद्यावर डॉक्टरांनी दात सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवला. सुळा टाळूकडे होता. शेजारचं मूळ थोडं झिजलं होतं, पण दात वाचणार होता. हिरडी उघडून सुळ्याला बारीक साखळी बांधायची आणि तो हळूहळू खाली ओढायचा. वर्षाहून जास्त लागेल, असं त्या म्हणाल्या.

"सगळ्यात जवळची तारीख द्या," रविकांत म्हणाला.

सोमवार मिळाला. सुळा अजून वरच आहे. मंगळसूत्राची पुडी कपाटात आहे, आणि तिचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.