मगर मास्तरांच्या पोटातला वण

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही, आणि पाहण्याची वेळ कुणावर न येवो. मी एक जुना वण आहे. गुडघा खरचटल्यावर राहतो तसा नव्हे. मी पोटाच्या आत राहतो, आतड्यांच्या शेजारी. वर कातडीवर माझा थोरला भाऊ आहे. त्याला अख्खे गाव ओळखते. मला मात्र कुणी विचारत नसे.

माझा जन्म झाला तेव्हा आमचे मास्तर जेमतेम शाळेत जाऊ लागले होते. त्यांचे अपेंडिक्स, म्हणजे मोठ्या आतड्याला लोंबणारे इवलेसे शेपूट, आतल्या आत फुटले. डॉक्टरांनी पोट उघडले, धुऊन काढले, टाके घातले. आतली दुखरी जागा सांधायला शरीराने जे चिकट धागे विणले, तोच मी. माझे एक टोक पोटाच्या भिंतीला चिकटले आणि दुसरे आतड्याच्या एका वळणाला. पोरगा बरा झाला, घरच्यांच्या जिवात जीव आला. माझे कामही तिथेच संपले होते. पण मला सोडून देता येईना. धरून बसणे हा आमचा स्वभावच.

पुढे ते तरणतलावावर पोहायला शिकवू लागले. काय दिवस होते ते! ओल्या फरशीवर ओळीने कुडकुडणारी पोरे, मास्तरांच्या तोंडात शिट्टी, आणि त्यांनी सूर मारला की आत मला झोका! ते हसत तेव्हा तर मी गदागदा हलायचो. पोरांची नजर हमखास त्यांच्या पोटावर जाई.

"सर, हे काय झालंय?"

"मगरीनं धरलं होतं! मी म्हटलं, बाई गं, आत्ता माझा क्लास आहे, उद्या ये!"

पोरे खिदळत. आणि सगळ्यात भित्रे पोरही मनात म्हणे, मगर चावलेला माणूस पाण्यात उतरतो, मग मला काय धाड भरली आहे? तेवढ्यावर ते पाण्यात उतरे. म्हणूनच त्यांना मगर मास्तर हे नाव पडले. लग्नानंतर काकूंनाही त्यांनी हीच मगर ऐकवली. "पुरे तुमच्या थापा," म्हणत काकू हसल्या, आणि पुन्हा कधी विचारायचे राहूनच गेले.

त्या पोरांमध्ये एक काटकुळी मुलगी होती. तलावाचा कठडा सोडायचे नाव नाही, रोज रडारड. मगरीच्या गोष्टीवरच ती पाण्यात उतरली आणि मग अशी काही पोहू लागली की मास्तर तिला बेडकीच म्हणू लागले. मोठी होऊन ती डॉक्टर झाली आणि तलावामागच्या गल्लीत तिने दवाखाना थाटला. मास्तरांची छाती अभिमानाने फुगली. मीही सुखात होतो, मित्रांनो. वाटायचे, असेच चालत राहणार.

आणि एका सकाळी मी धरून ठेवलेल्या आतड्याला माझ्याभोवती पीळ पडला. बागेतल्या नळीला पीळ पडला की पाणी जसे अडते, तसे सगळे अडले. मास्तर तलावाकाठच्या बाकावर आडवे झाले. कळ यायची, जायची, पुन्हा यायची. उलटी झाली. काकू त्यांना घेऊन बेडकीकडे गेल्या.

"सर, पोटाचं कधी ऑपरेशन झालंय?"

"छे गं! मगर तेवढी चावली होती, तुला माहितीये की," मास्तर दात आवळून म्हणाले.

बेडकी हसली. लहानपणापासून रोज पाहिलेल्या त्या वणाकडे ती नव्याने कशाला पाहील? तिने पित्ताची औषधे दिली आणि उद्या दाखवायला सांगितले. मी आत तळमळत होतो. अरे, माझे नाव घ्या कुणीतरी!

दुपारपर्यंत पोट नगाऱ्यासारखे ताणले. उलटी हिरवी होऊ लागली. पोटातला वारासुद्धा सरेना. हसू नका, मित्रांनो. वारा सरणे ही केवढी मोठी गोष्ट आहे ते त्या दिवशी कळले. काकूंनी उद्याची वाट पाहिली नाही, थेट पुन्हा दवाखाना गाठला.

बेडकीने पोटावर हात ठेवला. तो माझ्या भावावर येऊन थांबला. तिने वाकून पाहिले. वणाच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके होते, सरळ ओळीत.

"सर," ती हळूच म्हणाली, "मगरीनं टाकेही घातले होते का?"

मास्तरांनी डोळे मिटले. "अपेंडिक्स फुटलं होतं गं. इतकासा होतो मी. आईचा हात सोडवून आत नेलं मला. फार रडलो होतो. ते काय पोरांना सांगायचं?"

"अहो, मला तरी सांगायचंत!" काकूंनी कपाळावर हात मारला.

"आणि मी विचारलं तेव्हा तरी!" बेडकी रागावली, पण डोळे भरून आले होते तिचे. "जुन्या ऑपरेशनचा आत वण राहतो, सर. त्यात आतडं अडकलंय. चला, उठा!"

मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढला, नाकातून नळी घातली, सलाईन लावले आणि पोट उघडून मला कापले. आतडे काळपट पडू लागले होते. मी सुटलो तसे ते हळूहळू गुलाबी झाले. आणखी उशीर झाला असता तर तो तुकडाच काढावा लागला असता. कदाचित मास्तरही हाती लागले नसते. आता भिंतीला चिकटलेले माझे एक टोकच उरले आहे. ते वळण आठवते कधी कधी. इतकी वर्षे धरलेले, सुटले. नव्या कापाजवळ माझा एखादा धाकटा भाऊ आकार घेत असेल. तो गुणाने राहो.

तुमच्या घरातही कुणाच्या पोटात आमचा भाऊबंद असेल. आम्ही बहुतेक जण जन्मभर गप्प राहतो, आम्हाला भिऊ नका. फक्त डॉक्टरांनी विचारले की जुने ऑपरेशन सांगून टाका. एवढेच मागणे.

मास्तर पुन्हा तलावावर जाऊ लागले आहेत. अजून सूर मारायची परवानगी नाही. काठावर पाय सोडून बसतात. परवा एक नवी मुलगी कठड्याला घट्ट चिकटून उभी होती. तिने पोटाकडे बोट दाखवले. "सर, हे काय झालंय?"

मी मगरीची वाट पाहत होतो. मास्तरांनी तोंडातली शिट्टी काढली.

"तुझ्याएवढा होतो, तेव्हा ऑपरेशन झालं होतं. मी खूप घाबरलो होतो. खूप रडलो होतो."

"तुम्ही?"

"मी."

मुलीने त्यांचे बोट धरले, कठडा सोडला आणि एक पाय पाण्यात ठेवला. मग दुसरा.

इतक्या वर्षांत तलावावरच्या पोराला माझी खरी गोष्ट पहिल्यांदाच कुणीतरी सांगितली होती, आणि ती ऐकूनही पोर पाण्यात उतरली.