पायांखालची जमीन

मित्रांनो, आज विटांच्या आधाराने उभे असलेले हे जुने टेबल कधीकाळी एका कचेरीची शान होते, हे तुम्हाला खरे वाटणार नाही. ते टेबल म्हणजे मीच. सुताराने मला सागाच्या जाड फळ्यांतून घडवले आणि एका आर्किटेक्टच्या कचेरीत, पहिल्या मजल्यावर आणून ठेवले. त्यांना सगळे काका म्हणत. माझ्यावर शाळांचे, दवाखान्यांचे नकाशे निघाले. "या टेबलावर रेघ चुकत नाही," असे काका कौतुकाने सांगत. मग संगणक आले आणि माझ्या वाट्याला नुसते चहाचे कप उरले.

तरी सुट्टीच्या दुपारी माझ्याभोवती मैफल जमे. ना अध्यक्ष, ना आभारप्रदर्शन. काका, नुकतीच आर्किटेक्ट झालेली त्यांची पुतणी, कॉलेजात शिकवणारे मास्तर आणि दोघे-तिघे मित्र. खिडकी नक्की कोणासाठी असते, घराला घरपण कशाने येते, यावर तावातावाने वाद चालत. मास्तर बोलू लागले की चहा गार होई.

खाली छापखाना होता; तो सुट्टीच्या दिवशीही चाले. एकदा तिथून घणाचे आवाज आले आणि पाठोपाठ एक अवाढव्य यंत्र आले. तेव्हापासून माझ्या पायांखाली काहीतरी करकरू लागले. यंत्र सुरू झाले की मी भीतीने थरथरे. पण सांगणार कसे? मला तोंड नाही.

पुढच्या बैठकीत माझ्यावरची पेन्सिल आपोआप घरंगळली. "टेबल म्हातारं झालं," असे म्हणून काकांनी माझ्या एका पायाखाली पुठ्ठा सारला. दोष माझ्या माथी आला, याचे मला एवढे वाटले नाही. मला धास्ती होती ती जमिनीची.

त्यानंतरच्या सुट्टीला मास्तर रंगात आले होते. "भिंत पाडा, की जागा मोकळा श्वास घेते!" तेवढ्यात पेन्सिल पुन्हा घरंगळली. पुतणीने ती उचलून फरशीवर ठेवली. तिथूनही ती खोलीच्या मध्याकडे धावली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काका, टेबल सरळ आहे. जमीन खचतेय."

"अगं, मास्तरांचं पुरं तरी होऊ दे!" कोणीतरी हसले.

ती धडधडत जिना उतरली. खालून तिची किंकाळीच आली, "मधली आधाराची भिंतच काढलीय! यंत्र थांबवा! काका, सगळे बाहेर पडा!"

खुर्च्या उलथल्या. मास्तर अनवाणीच पळाले. छापखान्यातले कामगारही रस्त्यावर आले. खोलीत मी एकटे उरले. फरशी तडकत होती आणि चार पाय असून मला पळता येत नव्हते. मग मोठा कडकडाट झाला. मी धुळीत, अंधारात कोसळले.

मला बाहेर काढले तेव्हा माझा एक पाय गेला होता. माणूस मात्र एकही दगावला नव्हता. काका माझ्यावरची माती पुसत म्हणाले, "पोरी, तू बोलली नसतीस तर?"

"शंका मागच्या वेळीच आली होती, काका. सगळे हसतील म्हणून गप्प बसले."

काकांनी तिथल्याच विटा उचलून माझ्या गेलेल्या पायाच्या जागी रचल्या.

मित्रांनो, घरातले दार अचानक अडकू लागले, भिंतीवर नवी चीर दिसली, तर मोठ्यांना सांगा. ते हसले तर पुन्हा सांगा. आम्हा मुक्या वस्तूंना ओरडता येत नाही, तुम्हाला येते.