एकाच मुशीतल्या दोघी

थोरली धाकटीपेक्षा मोठी होती ती काही मिनिटांनीच, पण तेवढ्या भांडवलावर तिने जन्मभर मोठेपण केलं. जुळ्या बहिणी, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. शाळेत बाई हजेरी घेताना गोंधळायच्या आणि शेजारीपाजारी दोघींना एकाच नावाने हाक मारून मोकळे व्हायचे. घरात मात्र कधी गोंधळ झाला नाही. जी हुकूम सोडते ती थोरली आणि जी "हो गं बाई" म्हणते ती धाकटी.

वडिलांचं सोफे-खुर्च्या नव्याने मढवून द्यायचं दुकान होतं. वडील थकले तेव्हा म्हणाले, दोघींपैकी एकीने इथे बसावं. थोरलीने धाकटीला तोंड उघडायलाही सवड दिली नाही. "मी मोठी आहे," असं म्हणून तिने खिळे मारायची हातोडी उचलली. मग धाकटी एका मोठ्या हॉटेलच्या बेकरीत लागली.

बेकरीत कामाच्या पाळ्यांना ना दिवस कळत होता ना रात्र. भट्टीसमोर उभ्याउभ्या डोळे मिटायचे. तिथल्या कोणीतरी एकदा तिला तरतरी आणणारी गोळी दिली. गोळी एकट्या धाकटीने घेतली नव्हती, त्या पाळीतल्या सगळ्यांनीच घेतली होती. बहुतेकांनी आठ-पंधरा दिवस घेतली आणि सोडली. एकाला तर पहिल्याच गोळीने असं धडधडलं की त्याने कानाला खडा लावला. धाकटीला मात्र वाटलं, आपण आजवर अर्धवटच जागे होतो, खऱ्या अर्थाने जाग आज आली. पुढे एकाच्या दोन झाल्या, गोळीची पूड झाली, नोकरी गेली, राहती खोली गेली आणि दात ढिले झाले. शेवटी थोरलीनेच तिला शोधून उपचार केंद्रात नेऊन बसवलं.

त्याला आता बराच काळ लोटला होता. धाकटी बरी झाली आणि थोरलीकडेच राहायला आली. थोरलीचा नवरा जहाजावर असायचा, मुलगी शिकायला दुसऱ्या गावी. घर रिकामंच होतं. दुकानात धाकटी पट्टे ताणायची, फोम कापायची, मापं घ्यायची. थोरलीने तिला काही कमी पडू दिलं नाही, हे खरंच. पण ती बोलायचीही. एखादं गिऱ्हाईक समोर असलं तरी सहज बोलता बोलता, "कामाचा ताण मला नाही का? पण मनात आणलं की माणूस दूर राहू शकतो," असं म्हणून मोकळी व्हायची. धाकटी खाली मान घालून खिळे मारत राहायची. नेहमीपेक्षा थोडं जोरात, इतकंच.

उपचार केंद्रात एक डॉक्टरीणबाई होत्या. उत्तेजक द्रव्यांच्या आहारी काही माणसं चटकन जातात आणि काही जात नाहीत, यात रक्ताचा वाटा किती, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. त्यासाठी त्यांना भावंडं हवी होती. जुळ्या बहिणी आहेत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग तर सोन्याहून पिवळं!" थोरली लगेच तयार झाली, आणि त्याला कारण होतं. आई नेहमी सांगायची की या दिसायला सारख्या, पण आतून वेगळ्या आहेत. तेच आता एखाद्या शिकल्यासवरल्या बाईच्या तोंडून ऐकायला मिळेल, अशी तिला आशा होती.

तपासणीसाठी एका नळीत थुंकी भरून द्यायची होती. दोघी नळ्या घेऊन बसल्या, पण तोंडं कोरडी पडलेली.

"बेकरीतलं काहीतरी सांग गं," थोरली म्हणाली. "तोंडाला पाणी सुटेल असं."

"लिंबाचा केक," धाकटी म्हणाली. "गरम असतानाच वरून लिंबाचा रस ओतायचा. आंबट, गोड, आणि कडेने थोडा करपलेला."

दोघींच्या नळ्या बरोबरीने भरल्या. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "दोघी सारख्या असल्याचा हा पुरावा कागदावर घेता येत नाही, नाहीतर तपासणीची गरजच पडली नसती."

पुढे निकाल आला. दोघी एकाच बीजाच्या होत्या, म्हणजे आतूनही सारख्याच. आईचा समज चुकीचा निघाला.

"म्हणजे हिला ज्या जनुकामुळे हे झालं, ते माझ्यातही आहे?" थोरलीने विचारलं.

"असं एकच जनुक नसतं हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बारीकसारीक फरक असतात, ढिगाने असतात, आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. ते सगळे एकत्र आले की एखाद्या मेंदूला ही गोळी जरा जास्तच गोड लागते. अमुक माणूस आहारी जाईल की नाही, हे त्यावरून कोणी सांगू शकत नाही. पण हो, जे काही हिच्यात आहे ते तुमच्यातही आहे."

"मग मी कशी नाही गेले?"

"तुमच्या पुढ्यात गोळी आली होती का कधी?"

थोरलीला तो अपमान वाटला. इतकी वर्षं जो आपला निग्रह म्हणून मिरवला, तो या बाईने नुसत्या योगायोगाच्या खाती टाकला. घरी परतताना ती बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली. धाकटीच्या चेहऱ्यावर मात्र कधी नव्हे तो मोकळेपणा होता.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "आईच्या पोटातच तू चांगला चांगला माल उचललास आणि उरलासुरला माझ्या माथी मारलास. तसं नाही निघालं बघ."

ती खुदकन हसली. थोरली हसली नाही.

पुढे तो विषय मागे पडला. थोरलीचे गुडघे दुखायला लागले होते. दिवसभर वाकून काम, त्यात वजन वाढलेलं. दुकानासमोर एक ब्यूटी पार्लर होतं. तिथली बाई बोलघेवडी, पण मनाने चांगली. तिने थोरलीला बारीक होण्याच्या गोळ्या दिल्या. "नुसता झाडपाला आहे. मी स्वतः घेतल्यात. भूकच लागत नाही," ती म्हणाली.

आणि खरोखरच लागली नाही. पण थोरलीला त्याहून वेगळंच काही गवसलं. पहिल्या सकाळी गोळी घेतली आणि कामाला बसली, तर सुई कापडातून अशी सरसर जाऊ लागली, जणू कापडच वाट करून देत होतं. गुडघा आहे की नाही याची आठवणही राहिली नाही. नेमकं तेव्हाच एका नाट्यगृहाच्या खुर्च्या मढवायचं काम आलं होतं. एरवी तिने आधी कुरकुर केली असती, यावेळी तिने ते हसतहसत अंगावर घेतलं. गिऱ्हाइकं म्हणू लागली, "वा, वय उतरलं की तुमचं!" सकाळची एक गोळी दुपारनंतर कमी पडते असं वाटलं, म्हणून तिने जेवणानंतरही एक सुरू केली. मग संध्याकाळी अंगावर मरगळ येते म्हणून आणखी एक. धाकटीला यातलं काही सांगावं असं तिला वाटलं नाही. बारीक व्हायच्या औषधात सांगण्यासारखं काय असतं?

एका दुपारी धाकटी खुर्चीच्या बैठकीला पट्टे ताणत होती. थोरली शेजारी बसून बोलत होती, बोलतच होती. रेक्झिनवाल्याबद्दल, जावेबद्दल, दुकानाचा रंग बदलण्याबद्दल, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. हातातल्या खुर्चीची शिवण तिने उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. शिवणीत खोट काहीच नव्हती. मध्येच जबडा आवळायची, ओठांवरून जीभ फिरवायची.

धाकटीचा हात थांबला. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. बेकरीच्या न्हाणीघरातल्या आरशात तिने तो रोज पाहिला होता. तेच डोळे, तोच ताणलेला जबडा, तीच घाई.

"ताई," ती म्हणाली. ती थोरलीला ताई क्वचितच म्हणायची. "काय घेतेस?"

"कुठे काय? चहा घेतला मघाशी."

"चहाने असं होत नाही."

थोरलीचा पारा चढला. "तू विचारतेस? तू? मला? अगं, वजनाच्या गोळ्या आहेत त्या, झाडपाल्याच्या! तुझ्यासारखी भट्टीमागे लपून पूड ओढत नाही मी!"

धाकटीने पट्टा खाली ठेवला. तिला लागलं होतं, पण ती उठून गेली नाही.

"मी ओढायचे," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तर ओळखू आलं. दुसऱ्या कोणाचं कदाचित कळलंही नसतं मला. हे माझंच तोंड आहे गं. तू भांडू नकोस. उद्या एक दिवस त्या घेऊ नकोस, एवढंच कर. झाडपाला असेल तर काय बिघडणार आहे?"

"काही बिघडणार नाही," थोरली ठसक्यात म्हणाली. "बघच तू."

दुसऱ्या दिवशी गोळ्या घरीच ठेवून ती दुकानात आली. सकाळ कशीबशी निघाली. दुपार होता होता अंग शिशाचं झालं. एक बटण हातातून पडून सोफ्याखाली गेलं, तर तिला रडू फुटलं. एका बटणापायी! मग दोरा संपलाय म्हणून ती बाहेर पडली, आणि दोऱ्याच्या दुकानाकडे न वळता सरळ रस्ता ओलांडून पार्लरपाशी आली. पार्लरला त्या दिवशी सुट्टी होती. तिने शटर वाजवलं. कोणी नाही. पुन्हा वाजवलं. येणारेजाणारे बघू लागले तरी ती वाजवत राहिली. मुठीची सालटी निघाली तेव्हा कुठे तिला स्वतःचा हात दिसला आणि तिचं धाबं दणाणलं. आपण कशासाठी आलोय? दोरा तर दुकानात चांगला रिळंच्या रिळं भरून होता.

ती परत आली आणि धाकटीसमोर अर्धवट मढवलेल्या खुर्चीत बसली. "मी शटर बडवत होते," ती म्हणाली. "भर रस्त्यात."

धाकटीने तिचा हात धुऊन पुसला. "मी तर एकदा दार मोडलं होतं," ती म्हणाली. "तू अजून शटरवरच आहेस. वेळेत आहेस."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या तपासायला पाठवल्या. झाडपाला नावापुरताही नव्हता. धाकटीला ज्याने ग्रासलं होतं, त्याच कुळातलं द्रव्य त्यात होतं, मात्रा थोडी कमी. कळल्यावर पार्लरवाली बिचारी रडकुंडीला आली. उरलेली सगळी पाकिटं तिने आपणहून आणून दिली. "पण मी तर चांगली महिनाभर घेतली आणि सोडली," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मला काहीच झालं नाही. मनात आणलं आणि बंद केली!"

ती खोटं बोलत नव्हती. थोरली तिच्याकडे बघत राहिली. हेच वाक्य आपण किती वेळा, कोणाकोणासमोर म्हटलंय, आणि तेव्हा कोण खाली मान घालून खिळे मारत होतं, हे तिला आठवलं. धाकटीला सॉरी म्हणायला तिला आणखी काही दिवस लागले, आणि म्हणाली तेही जेवताना, ताटाकडे बघत. धाकटीनेही ते फार ताणलं नाही.

पुढचे काही आठवडे थोरली नुसती झोपून होती. उठली की चिडचिड, चिडचिड संपली की रडणं, मग पुन्हा झोप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हे होणार आणि जाणारही. नाट्यगृहाच्या खुर्च्या धाकटीने पुऱ्या केल्या. थोडा उशीर झाला, दोन-चार खुर्च्यांच्या चुण्या थोरलीच्या मते आजही वाकड्या आहेत, पण लोक बसतात आणि नाटक बघतात.

सुट्टीत थोरलीची मुलगी घरी आली. आई वाळलेली, मावशी हुकूम सोडतेय आणि आई ऐकतेय, हे बघून तिला काहीतरी घडलंय याचा वास आला. दोघींनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. निम्मं एकीने, निम्मं दुसरीने.

"म्हणजे माझ्यातही असेल?" मुलीने विचारलं.

"थोडंफार असेल," धाकटी म्हणाली. "निम्मं रक्त आमच्याकडून आलंय. निम्मं तुझ्या बापाकडून, आणि तो तर कॉफी पिऊनही घोरतो. तेव्हा धीर सोडू नकोस."

मुलगी हसली, मग गंभीर झाली. "होस्टेलवर परीक्षेच्या वेळी मुली काही काही घेतात. मी अजून नाही घेतलेलं. पण आई, खरं सांग. घेतल्यावर कसं वाटतं?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. वाईट वाटतं, असं म्हणून विषय मिटवायचा मोह तिला झाला. धाकटीने आपली खुर्ची थोरलीच्या खुर्चीला लावून घेतली.

"फार छान वाटतं," थोरली म्हणाली. "इतकं छान मला कधीच वाटलं नव्हतं. आम्हा दोघींनाही. म्हणून तर तुला सांगतेय."