नऊ हजार तीनशे

ताईच्या सुनेला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन बाळं एकटीला आवरेनात, म्हणून मुलाने आईवडिलांना कायमचं आपल्याकडे बोलावलं. सामान बांधताना माळ्यावरून दाजींचा जुना कॉम्प्युटर खाली आला. दाजींनी लगेच ताईच्या धाकट्या भावाला निरोप धाडला. हा मेव्हणा रेडिओ दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला रेडिओमामा म्हणत.

"मेव्हणे, आम्ही जायच्या आत हा चालू करा. आपल्या विमानाच्या खेळाचे गुण त्या डिस्कवर आहेत. पहिला कोण, ते एकदा होऊन जाऊ दे."

दाजी घरी नसताना आपण नऊ हजार तीनशे केले, असं मामा तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आला होता. केले मात्र कधीच नव्हते. ती थाप मारली त्याच आठवड्यात डिस्क घालायची ड्राइव्ह बंद पडली, तेव्हा देव पावला असं त्याला वाटलं होतं.

ड्राइव्हमधला रबरी पट्टा वितळून डिंक झाला होता. मामाने भंगारातून तसलीच दुसरी ड्राइव्ह आणून बसवली. बटण दाबताच तिचा दिवा लागला तो विझेचना, आणि डिस्क नुसती गरगरत राहिली. मामाने मीटर लावून पाहिला, वीज बरोबर येत होती. आतला डिस्क वाचणारा हेड स्पिरिटने पुसला, तरी तेच.

"दिवा छान आहे," दाजी म्हणाले. "उशाशी ठेवायला बरा."

दुसऱ्या दिवशी मामाला चूक दिसली. जुन्या ड्राइव्हमध्ये चपट्या वायरची लाल कड डावीकडे होती, म्हणून हिलाही त्याने न बघता डावीकडेच लावली होती. लाल कड जिच्यावर यायला हवी, ती एक नंबरची पिन हिच्यात उजवीकडे होती. चाळीस वर्षं डोळे मिटून काम केल्याचं फळ. वायर फिरवून लावली की काम झालं.

पण तो हात चोळत बसला. 'हिचं काही खरं नाही' एवढं बोललं की सुटका होती.

"अहो, त्याला जमत नसेल तर राहू द्या," ताई आतून म्हणाली. "कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याला दाखवू."

हे वर्मी लागलं. लबाड म्हणवून घेणं एक वेळ परवडलं, पण मोबाइलवाल्यापुढे हार नको. मामाने वायर उपटली आणि फिरवून लावली. दिवा विझला, तरी डिस्क सापडेना. ड्राइव्हचा क्रमांक ठरवणारी छोटी टोपी, म्हणजे जंपर, दोन नंबरवर होता, तो चिमट्याने एकवर सरकवला. ड्राइव्ह कुरकुरली आणि पडद्यावर नावं आली. दाजी, आठ हजार नऊशे. मामा, पाच हजार दोनशे.

ताईने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

"माझे गुण डिस्कवर चढले नसतील," मामा म्हणाला.

"केलेच नाहीत तर चढतील कुठून?" दाजींनी विचारलं.

मामा मान खाली घालून बसला. "नाही केले, दाजी."

"मग आता करा. निघायला चार दिवस आहेत." दाजींनी खुर्ची पुढे ओढली.

चार दिवस दोघांनी सामानाला हात लावला नाही. ताई खोकी बांधत दोघांच्या नावाने खडे फोडत राहिली. मामाची मजल सहा हजार सातशेपुढे गेली नाही. निघताना दाजी कॉम्प्युटर त्याच्याकडेच ठेवून गेले, "सरावाला" म्हणून. पुढे दर रविवारी मामा फोनवर आपला आकडा कळवायचा, आणि खरा कळवायचा.

दाजी पुढच्या वर्षी नऊ मार्चला, मुलाच्या घरी, झोपेत वारले.