कागदावरची सरळ भिंत

मी एक जुना ओळंबा आहे. दोरीला बांधलेलं पितळी वजन आणि वर लाकडाचा एक गट्टू, एवढाच माझा संसार. भिंत सरळ उभी आहे की नाही, हे मी सांगतो. मित्रांनो, माझ्या बोलण्यात तुम्हाला तुच्छता जाणवेल. ती मी लपवणार नाही. ज्याने जन्मभर खरं तेच दाखवलं, त्याला तेवढा हक्क असावा.

एका कारागिराने मला लेथवर घडवलं आणि एका गवंड्याने तीस वर्षं वापरलं. त्याची मुलगी लहानपणापासून त्याच्यासोबत कामावर यायची. मला भिंतीशी धरून तो विचारायचा, "काय म्हणते भिंत?" ती एक डोळा मिटून उत्तर द्यायची, आणि बहुधा बरोबर द्यायची.

पुढे ती बांधकाम शिकायला कॉलेजात गेली, तेव्हा बापाने मला तिच्या पिशवीत घातलं. तिने मला वर्गात दाखवलं, तेव्हा तिथल्या एका प्राध्यापकांनी मला मागून घेऊन काचेच्या कपाटात ठेवलं आणि खाली चिठ्ठी लावली, 'पारंपरिक साधन'. फळ्यावर ते माझं चित्र फार सुबक काढत. हातात मात्र कधी घेतलं नाही. भिंतींविषयी दोन जाडजूड पुस्तकं लिहिलेला हा माणूस, विटेला बोट लावायचं झालं तर रुमाल शोधायचा.

त्यांच्याच देखरेखीखाली सायकल स्टँडची नवी भिंत उठली. मुलगी म्हणाली, "सर, भिंत कललीय."

"नकाशात सरळ आहे."

तिने कपाट उघडून मला बाहेर काढलं, स्टुलावर चढून गट्टू भिंतीला टेकवला आणि मला खाली सोडलं. पायथ्याशी माझ्यात आणि भिंतीत चार बोटं फट पडली. सरांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दोरी वाकडी असेल."

वजन बांधलेली दोरी, आणि वाकडी. मला हसता येत नाही, हे त्यांचं नशीब.

तिने वाद घातला नाही. भिंतीलगतच्या साठ सायकली एकटीने पलीकडे नेऊन लावल्या. मैत्रिणींनी टिंगल केली. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भिंत कोसळली, ती मोकळ्या जमिनीवर. मग पाच विद्वानांची समिती आली. बुटांना माती लागू नये म्हणून त्यांनी लांबूनच फोटो काढले.

पुन्हा बांधायला गवंड्याला बोलावणं गेलं. तो म्हणाला, "सगळी पोरं हाताखाली येणार असतील तर बांधतो." पोरं आली. तळहातांना फोड आले, आणि पाठ केलेली पानं पहिल्यांदा त्यांना कळू लागली.

एका दुपारी सर एकटेच आले. इकडेतिकडे बघून त्यांनी मला उचललं. त्यांच्यासाठी मी बराच तिरस्कार राखून ठेवला होता. त्यांनी हात लांब करून मला भिंतीशी धरलं, आणि मी नुसता हेलकावत राहिलो. मागून गवंडी म्हणाला, "कोपर अंगाशी घ्या, साहेब." त्यांनी निमूटपणे घेतलं.

मित्रांनो, साधनं जपून ठेवा असं सगळेच सांगतात. मी सांगतो, वापरा. घरातलं एक तरी काम हातात घ्या, बिघडलं तर पुन्हा करा. आणि 'असल्या कामांना आमच्याकडे माणसं आहेत' असं कोणी मिरवलं, तर त्याला नमस्कार करून पुढे व्हा. त्याने बांधलेल्या घरात मात्र राहू नका.