दगडावरची ठमा

ठमाबाईला मरून चौपन्न वर्षं झाली होती आणि आता तिला त्याची सवयही झाली होती.

मेली होती ती कवितेत. बाळ गुरुजींची ती कविता येत नाही असं घर महाड-पोलादपूरच्या अंगाला शोधून दाखवा! शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं ती साभिनय म्हणतात, हळदीला बायका तिला चाल लावतात, पाळण्यातलं पोर किरकिरलं तर आया तीच गुणगुणतात. शेवटी त्यात एक पोरगी बुडते, याचं कुणाला काही वाटत नाही.

डोंगरातली ठमा हसे ती, हसे झऱ्याच्यावाणी,
पाटीमध्ये घेउन आली श्रावणातली गाणी

असं हसतखेळत सात कडवी जातात आणि आठव्यात सगळं पाण्यात:

ओढा भरला, साकव गेला, ठमा न आली दारी;
बाजाराची वाट अजुनही थांबुन आहे सारी

आता खरं सांगायचं तर ओढ्यात गेली ती ठमा नव्हेच. गेली ती तिची धाकटी बहीण आवडी. दोघी बहिणी दर सोमवारी डोंगरावरच्या वाडीतून टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या पाटीत भरून महाडच्या बाजारात उतरायच्या. ठमा बोलायची, हसायची, गिऱ्हाईक बांधून ठेवायची. आवडी मागे बसून जुड्या बांधायची आणि तोंड म्हणून उघडायची नाही. त्या सोमवारी ठमाच्या पायात काटा मोडून पाय सुजला होता, म्हणून आवडी एकटी गेली. येताना ओढ्यावरचा लाकडी साकव नव्हता, नुसतं पाणी होतं.

बाजारात बातमी पोचली ती एवढीच, की डोंगरावरची भाजीवाली पोर गेली. बाळ गुरुजी तेव्हा बावीस वर्षांचे, नवे मास्तर. टाकळा कसा शिजवतात हे भाजीवालीलाच विचारणारे. त्यावर जी खिदळली होती, तिचंच नाव त्यांना ठाऊक होतं. दुसरीला नाव असेल हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. ठमाही पुन्हा बाजारात दिसली नाही. दोन वर्षांनी ती लग्न होऊन पार पोलादपूरच्या पलीकडे गेली. सासरी रिवाजाप्रमाणे नाव बदललं, सुभद्रा झाली. म्हणजे जगात ठमा नावाची कुणी उरलीच नाही. उरली ती कवितेत, आणि तीही मेलेली.

थोरला मुलगा शाळेतून ती कविता पाठ करून आला, तेव्हा ठमाबाई चुलीपुढं बसली होती. भाकरी करपली. बोलावं तर सासू म्हणणार, परका मास्तर तुझ्या हसण्यावर गाणी लिहितो होय गो? म्हणून गप्प बसली. मग गप्प बसायची सवय लागली. आणि लपवायचं कशाला, पुढं पुढं तिला ते आवडायलाही लागलं. शेतात लावणीला बायका ती कविता म्हणत आणि ही चिखलात वाकलेली, मनातल्या मनात चौदा वर्षांची होऊन डोंगर उतरायची. पाटी डोक्यावर, पायाखाली ओलं गवत, खाली धुक्यात बुडालेलं महाड. हळूहळू असं झालं की ओढ्याची आठवण आली तरी पाण्यात तिला स्वतःचाच चेहरा दिसायचा. आवडीचा चेहरा कसा होता, हे तिला आता नीट सांगता येईना. नाक बसकं होतं का सरळ? फोटो तर कुणी काढलाच नव्हता.

एवढी वर्षं ढकलली. पण गेल्या आठवड्यात भाच्याचा, प्रवीणचा, मुंबईहून फोन आला.

"आत्या, गुड न्यूज! आपल्या वाडीच्या मंडळानं साकवाजवळ निवारा बांधलाय ना, तिथं काळ्या दगडावर तुझी कविता लागणार. आठही कडवी. वर लिहिणार, कैलासवासी ठमा हिच्या स्मरणार्थ."

"मेल्या, मी फोनवर बोलत्ये ना तुझ्याशी?"

"अगं, कवितेत चालतं तसं."

"आणि आवडी?"

प्रवीणचा बाप गेल्यापासून हे नाव घरात कुणी घेतलं नव्हतं. "आत्या, आता लोकांना ठमाच माहीत आहे. कवितेतलं अक्षर कवीच बदलू शकतो, आपण कोण? आणि कारागीर सोमवारी बसणार. एकदा कोरलं की फिनिश."

ठमाबाईनं फोन ठेवला. कागदावर होतं तोवर कागद कधीतरी कुजेल अशी आशा होती. दगड कुजत नाही. आवडी दुसऱ्यांदा जाणार, आणि ती वाचवायला सोमवारपर्यंत वेळ होता.

शुक्रवारी ती एसटीनं महाडला उतरली. चवदार तळ्याच्या मागच्या आळीत गुरुजींचं घर. सून कालिंदीनं दार उघडलं.

"दादा, कुणी बाई आल्यात. पोलादपूरहून."

"मानपत्र हवंय का? कुणाची सेवानिवृत्ती?" आतून गुरुजींचा आवाज आला. गुरुजींनी आजवर तलाठी, सुईण, कंडक्टर, पोस्टमन कुणाला सोडलं नव्हतं. जो निवृत्त होईल त्याच्यावर आठ कडवी ठरलेली. वह्या सगळ्या वरच्या फळीवर होत्या, पुराच्या भीतीनं. खुर्चीत गुरुजी असे बसले होते की सगळ्या तालुक्याचं आयुष्य त्यांच्या डोक्यावर रचून ठेवलंय.

"मानपत्र नको," ठमाबाई म्हणाली. "एक मेलेली जिती करायची हाय, आणि एका जितीला मारायचं हाय."

गुरुजींनी चष्मा पुसला. "बाई, तुम्ही कोण?"

"टाकळा आधी उकडून, पाणी टाकून द्यायचं, म्हटलं नव्हतं मी? तुम्ही नाय टाकलंत. कडू झाला म्हणून पुढच्या सोमवारी भांडायला आलात."

पंखा फिरत होता. गुरुजी कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिले, जणू धुक्यातून कुणी वर येतंय आणि अजून पुरतं दिसत नाही. "ठमा?" ते म्हणाले. "मी तर तुझ्यावर रडलोय."

"ते तिला जमा करा," ठमाबाई म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं. काटा, साकव, आवडी, काळा दगड.

ऐकून झाल्यावर गुरुजींनी जे केलं ते कवीच करू जाणे. हळहळायचं सोडून ते बोटं मोजायला लागले. "नाव बदलायचं म्हणतेस, पण ठमा तीन मात्रांची. आवडी पाच. ओळ फुटेल. पन्नास वर्षं लोकांच्या तोंडी बसलेली ओळ आहे ही."

"पाच काय नि तीन काय? म्हणून बघते." आणि ठमाबाईनं डोळे मिटले. भातलावणीच्या चालीत, जरा ओढून, तिनं म्हटलं:

"डोंगरातली आवडी हसे, हसे झऱ्याच्यावाणी..."

गुरुजींची बोटं थांबली. पुन्हा मोजली. आठ, आठ, बारा. "एक 'ती' तेवढी गळाली," ते पुटपुटले. "बघ, बघ शेवटचं. आवडी न ये दारी. हेही बसतं की गं!" त्यांचा चेहरा इतका उजळला की क्षणभर पोरगी बुडाली आहे हे ते विसरले. मग आठवलं, आणि ते शरमून खाली बघू लागले. कालिंदी दारात चहा घेऊन तशीच उभी होती.

"पण ठमे," गुरुजी हळूच म्हणाले, "ती हसायची नाही. मला आता दिसतेय ती. मागे बसायची, मान खाली. कुणी बघितलं की जुडी सोडून पुन्हा बांधायची. हसणं तुझं होतं. आपण असं करू, पहिल्या कडव्यात तू राहा, शेवटच्यात तिला घेऊ. जे जिचं ते तिला. हिशेब सरळ."

वाटणी वाजवी होती. वाटणीत ठमाबाईला कुणी फसवू शकलं नव्हतं, दिरांनीही नाही. हसणं आपलं, बुडणं तिचं. दगडावर दोघी, एकीखाली एक. पुढं कुणी म्हटलं तर पहिली ओळ आपलीच राहणार होती. मिटल्या डोळ्यांपुढून डोंगर उतरत होता, ओलं गवत चमकत होतं, आणि पाटीवाली पोर खिदळत खाली येत होती. तिला सोडायचं म्हणजे लावणीत वाकल्यावर मग जायचं कुठं?

चहावर साय धरली.

"नको," ठमाबाई म्हणाली. "नुसती बुडण्यापुरती आठवायची काय तिला? जन्मभर गप्प बसली. आता कवितेत तरी हसू दे."

"खोटं होईल ते."

"आतापर्यंत काय खरं होतं, गुरुजी?"

कालिंदीला हसू आवरेना. गुरुजींनी वही ओढली. आठही कडवी पुन्हा लिहायला त्यांना पाऊण तास लागला. सात ठिकाणी नाव होतं, सातही ठिकाणी बदललं. खाली सही, तारीख. कागद हातात देताना ते म्हणाले, "तुझं काहीच राहिलं नाही गं यात."

"मी हाय की," ठमाबाई म्हणाली आणि कागद चोळीत सारला.

पोलादपूरच्या गाडीत खिडकी मिळाली. बाहेर ऊन पेंगुळलं होतं, सावित्रीचं पाणी खाली कुठंतरी चकाकून पुन्हा झाडांत जात होतं. तिनं प्रवीणला फोन लावला.

"आत्या, काय बोलतेस! अगं उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिका छापून झाल्या, तीनशे. सगळ्यांवर ठमा आहे."

"पेन हाय ना घरात?"

"हाय."

"मग बस आजपासून. बायकोला पण बसव. नि अक्षर नीट काढ. आवडी. डोंगरातली आवडी."

तिकडून मोठा उसासा आला. "बरं. आणखी काही?"

"मला पुढच्या रांगेत खुर्ची ठेव."

"ठेवतो. पण माईकवरून तुझं नाव काय घ्यायचं? सुभद्रा की ठमा? ठमा म्हटलं तर लोक दचकतील."

गाडीनं वळण घेतलं.

"नाव नको घेऊस," ती म्हणाली. "आवडीची थोरली बहीण आल्ये, एवढं सांग."