बसमध्ये सापडलेली पिशवी

ओरियानोने डाव्या हाताने खांब घट्ट धरला, उजवा पाय पुढे टाकला आणि ड्रायव्हरच्या आधी क्षणभर स्वतःच ब्रेक दाबला. पायाखाली ब्रेक नव्हता, रबराची चटई होती. बस थांबली ती ड्रायव्हर साबातोच्या पायामुळे. तरी ओरियानोने समाधानाने मान हलवली.

"वेळेवर मारलास," तो म्हणाला.

"मास्तर, ती पाटी वाचलीत का?" साबातोने हनुवटीनेच वर दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं, 'चालकाशी बोलू नये.'

"चौतीस वर्षं माझ्या डोक्यावर तीच पाटी होती. लोकांना मीच वाचून दाखवायचो."

"मग?"

"मी चालकाशी कुठे बोलतोय? मी सहकाऱ्याशी बोलतोय."

साबातो हसला आणि पुढच्या आंधळ्या वळणासाठी त्याने लांब भोंगा वाजवला. मागे चौथ्या रांगेत, समुद्राच्या बाजूच्या खिडकीशी लोरेदाना बसली होती. तिला नवऱ्याची पाठ दिसत होती आणि मानेवरची हजामत केलेली रेघ. शेजारच्या सीटवर तिची तपकिरी कापडी पिशवी होती. ती सीट खरं तर ओरियानोची. पहिल्या दिवशी सोरेंतोहून निघताना तो तिथे बसलाही होता, पहिलं वळण येईपर्यंत.

फेरारा हे उत्तर इटलीतलं गाव ताटासारखं सपाट. तिथे चौतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाच्या नशिबी चढ म्हणजे कालव्यावरचा पूल आणि संकट म्हणजे नोव्हेंबरातलं धुकं. अशा माणसाला अमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या रस्त्यावर सोडलं तर दुसरं काय होणार? एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला थेट खाली समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर दोन मोठ्या बसेस आरसे मिटून एकमेकींना वाट देतात. ओरियानोच्या दृष्टीने देवळं, घुमट, लिंबाच्या बागा हे सगळं त्या रस्त्याच्या कडेला पडलेलं सामान होतं. पोझितानोचं चर्च त्यांनी देखल्या देवा दंडवत म्हणतात तसं उरकलं. "बघितलंस ना? चल, बारा दहाची येतेय, नवी गाडी आहे," असं म्हणत त्याने लोरेदानाला पायऱ्यांवरून पळवलं होतं. तीन दिवसांत त्याने फोनवर एकेचाळीस फोटो काढले. त्यातले अडतीस बसचे. एकात लोरेदानाचं कोपर आलं होतं.

तिला हसू यायचं, नाही असं नाही. पहिल्या दिवशी ती खरोखर हसली. दुसऱ्या दिवशी लोकांना दाखवायला हसली. तिसऱ्या दिवशी तिला एकटं वाटलं, आणि ते नवीन नव्हतं म्हणून जास्तच लागलं. नाताळ असो की ऑगस्टचा सण, डेपोत आधी मुलंबाळं असलेल्यांना सुट्टी मिळायची. या दोघांना मूल झालं नाही. म्हणून ओरियानो नाताळला बस चालवायचा आणि लोरेदाना त्याचं ताट झाकून ठेवून जेवायची. तरुणपणी रविवारी ती मुद्दाम त्याच्याच बसने गावभर फिरायची, तेवढीच सोबत. तेव्हाही पाटी होतीच, आणि ओरियानो नियमाचा पक्का. तेव्हापासून ती म्हणत आली होती, तू रिटायर झालास की आपण समुद्र बघायला जाऊ. तिला फार काही नको होतं. त्याने शेजारी बसावं आणि दोघांनी एका खिडकीतून बाहेर बघावं. आता तो रिटायर झाला होता, समुद्रही आला होता, आणि उद्या परतीची गाडी होती.

पुढच्या वळणावर बस जी थांबली ती थांबलीच. समोरून दुसरी बस आली होती, तिच्यामागे सहा मोटारी आणि एक सिमेंटचा ट्रक. कुणालाच मागे जाता येईना. भोंगे सुरू झाले. साबातोने कपाळाला हात लावला.

"दार उघड," ओरियानो म्हणाला. त्याचा आवाजच बदलला होता.

तो खाली उतरला, बसच्या मागे गेला आणि हात वर करून उभा राहिला. मग सुरू झालं. ये, ये, डावीकडे, अजून, बस्स. कड्याला लागून एक वीत जागा उरली तरी त्याचा हात हलला नाही. प्रवासी गंमत बघायला खाली उतरले, तशी लोरेदानाही उतरली. पिशवी आणि तिच्यातला फोन, पर्स सगळं सीटवरच राहिलं, कारण ती दोन मिनिटांसाठी उतरली होती.

वळणाच्या टोकाला लिंबू सरबताची टपरी होती आणि टपरीमागे कमरेएवढी दगडी भिंत. लोरेदाना तिथे गेली आणि तिने खाली पाहिलं. बसच्या काचेतून तीन दिवस जे तुकड्यातुकड्यांनी दिसत होतं ते इथे एकदम पसरलं होतं. पाण्यावर एकच होडी होती, आणि तिच्यातली माणसं जेवत होती.

"ओरियानो!" तिने हाक मारली. "अरे, एक मिनिट ये ना इकडे. हे बघ."

ओरियानोने तिच्या दिशेने तळहात उभा धरला. थांब, आलोच. ती थांबली. भिंतीवर कोपरं टेकून, त्याच्यासाठी उजवीकडे जागा ठेवून उभी राहिली.

मागे टाळ्या झाल्या. रस्ता मोकळा झाला होता. "चला, चला!" साबातो ओरडला आणि लोक पटापट चढले. लोरेदाना वळली तेव्हा ओरियानो पुढच्या दाराच्या पायरीवर उडी मारत होता. बस सुटली. ती जेमतेम सात-आठ पावलांवर होती. ओरडली असती तर ऐकू गेलं असतं, बसच्या पत्र्यावर थाप मारता आली असती. तिने यातलं काही केलं नाही. बस शेजारून गेली, काचेतून ओरियानो दिसला. हातवारे करून साबातोला काहीतरी सांगत होता.

"नवरा गेला का तुमचा?" टपरीवालीने विचारलं. जाडजूड बाई होती, हातात अर्धं लिंबू.

"गेला."

"भांडण?"

"नाही हो. भांडायला समोरासमोर यावं लागतं."

टपरीवालीने तिला खुर्ची दिली आणि न विचारता सरबत पुढे ठेवलं. पर्स बसमध्ये आहे असं लोरेदाना म्हणाली, तर बाईने लिंबाच्या ढिगाकडे हात केला. "झाडाला लागतात, बाई. बसा निवांत."

लोरेदाना ड्रायव्हरची बायको होती, तिला वेळापत्रक समजत होतं. पुढचा थांबा चार मिनिटांवर. तिथे त्याला कळलं तर तो चालत वीस मिनिटांत येईल. तिने वीस मिनिटं रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, गर्दीत मागचं दिसलं नसेल, त्याच्या पुढच्या थांब्यावर कळेल. म्हणजे पस्तीस मिनिटं. पस्तीसची चाळीस झाली. मोटारी गेल्या, सायकलवाले गेले, टोपीवाला एक जर्मन वाट विचारून गेला. पन्नास मिनिटांनी तिने हिशेब सोडून दिला. आता एकच शक्यता उरली होती, शेवटचा थांबा, आणि तिथे तर सगळेच उतरतात.

"येईल हो," टपरीवाली म्हणाली. "आमचा तर एकदा मला लग्नाच्या जेवणात विसरून आला होता."

"मग?"

"मग काय, जेवले पोटभर."

दीड तासाने अमाल्फीकडून बस आली. ओरियानो पुढच्या काचेशी उभा होता. तो उतरला आणि धावतच आला. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि काही झालं तरी त्याला बघून लोरेदानाचा जीव भांड्यात पडला.

"लोरे! अगं, चढली का नाहीस?"

"तू हात केलास. थांब म्हणून."

"तो साबातोला केला! एक वीत जागा होती मागे."

लोरेदानाने पेला खाली ठेवला. "कधी कळलं तुला?"

ओरियानो खोटं बोलणारा माणूस नव्हता. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढच्या दोन मिनिटांत वाटलं.

"शेवटच्या थांब्यावर," तो म्हणाला. "सगळे उतरले. मी आपला सवयीने मागेपर्यंत चक्कर मारली, कुणाचं काही राहिलंय का बघायला. जित्याची खोड. तर चौथ्या रांगेत एक पिशवी. मी म्हटलं, बघा, लोक कसे विसरतात. नेली आणि बस ऑफिसात हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर जमा केली."

"माझी पिशवी."

"हो ना! काखेत कळसा आणि काय. कारकुनाने फॉर्म काढला, शोधणाऱ्याचं नाव, पत्ता, सगळं लिहून घेतलं. मग एकेक वस्तू बाहेर काढायला लागला. तर आतून पाव निघाला, आपला, चार शिंगांचा पिळाचा. मी ओरडलोच! म्हटलं, अरे, हा फेराराचा पाव! बसमध्ये आपल्याकडचं कुणीतरी होतं आणि आपल्याला पत्ताच नाही! इतकी चुटपुट लागली ना, लोरे. दोन शब्द बोललो असतो."

टपरीवाली लिंबू पिळायची थांबली.

"काय बोलला असतास?" लोरेदानाने विचारलं.

"म्हणजे?"

"फेराराच्या त्या माणसाशी. काय बोलला असतास?"

ओरियानोने विचार केला. "हेच आपलं. केव्हा आलात, कसं वाटतंय. समुद्र आवडला का."

लोरेदाना उठली. तिने टपरीवालीचे आभार मानले. ओरियानो अजून सांगतच होता. मग चष्म्याचं घर निघालं तेव्हा त्याला उमगलं, त्याने तिला फोन लावला तर फोन कारकुनाच्या टेबलावरच वाजला. पण एकदा फॉर्म भरला की पिशवी मालकालाच मिळते, मालकाने स्वतः यायला हवं.

"आणि नियम बरोबर आहे," तो म्हणाला. "मीही दिली नसती."

अमाल्फीच्या बसमध्ये तो तिच्याशेजारी बसला. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि प्रत्येक उतारावर त्याचा उजवा पाय पुढच्या सीटखाली दाबला जात होता. लोरेदाना बाहेर बघत होती. "छान आहे," तो एकदा म्हणाला, पण मान समोरच होती. तिसऱ्या वळणावर तो उठला. "जरा बघून येतो, मागून ट्रक येतोय वाटतं," म्हणाला आणि पुढे जाऊन उभा राहिला. तिने त्याला अडवलं नाही.

ऑफिसात पाळी बदलली होती. खिडकीत आता दुसराच कारकून होता, म्हातारा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने फॉर्म शोधला, पिशवी काढली, आतलं ओळखपत्र उघडून फोटो आणि चेहरा ताडून पाहिला.

"लोरेदाना झांबोनी?"

"हो."

इटलीत लग्नाने बाईचं आडनाव बदलत नाही, त्यामुळे म्हाताऱ्याला काही वाटण्याचं कारण नव्हतं. तो बोट धरून रकाने वाचत गेला. शोधणारा ओरियानो फिनोत्ती, चौथी रांग, पिशवी तपकिरी. शेवटच्या रकान्याशी त्याने चष्मा खाली ओढला.

"शोधणाऱ्याची आणि तुमची ओळख आहे का? आहे की नाही, एवढं सांगा."

लोरेदानाने मागे पाहिलं. भिंतीवर ड्रायव्हरांच्या पाळ्यांचा तक्ता लावला होता. ओरियानो त्याच्यासमोर उभा होता आणि एका ओळीवरून बोट फिरवत ओठांतल्या ओठांत वाचत होता.

"नाही," ती म्हणाली. "बसमध्ये पाहिलंय. पुढे उभे असतात."

तक्त्यावरचं बोट थांबलं.

कारकुनाने 'नाही' वर खूण केली. "इथे सही. खाली पत्ता."

लोरेदानाने सही केली. पत्ता लिहिताना तिचं अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं. तोवर ओरियानो तिच्यामागे येऊन उभा राहिला होता. शोधणारा मीच, असं त्याने सांगितल्यावर कारकुनाने सहीसाठी कागद त्याच्याकडे फिरवला. आयुष्यात एकाही कागदावर न वाचता सही न केलेल्या त्या माणसाने तोही वरपासून वाचला. 'नाही'वरच्या खुणेपाशी तो बराच वेळ होता. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. त्याने सही केली.

म्हाताऱ्याने शिक्का उचलला आणि तो तसाच हातात धरला. वरचा पत्ता वाचला, मग खालचा. मग पुन्हा वरचा.

"रस्ता एकच, नंबर एकच, तिसरा मजलाही एकच," तो म्हणाला. "बरीच मोठी इमारत दिसते तुमची."

लोरेदानाने पिशवी उचलून खांद्याला लावली.

"नाही हो," ओरियानो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की कारकुनाला पुढे वाकावं लागलं. तो कारकुनाकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. "दोनच खोल्या आहेत."